अस्थिर घरातला डावा कौल

पोपट म्हात्रेच्या घराच्या भिंतीवर तालुक्याहून आलेल्या माणसाने लाल रंगात 'अस्थिर' असं लिहिलं. अक्षर चांगलं होतं. लिहून झाल्यावर तो दोन पावलं मागे गेला, मान वाकडी करून त्याने पाहिलं आणि समाधानाने ब्रश डब्यात बुडवला.

पोपटची आई बायजाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिला वाचता येत नाही. तिने मला हाक मारली.

"काय लिवलाय रं त्यानं?"

"अस्थिर."

"म्हंजे?"

मी मराठी घेऊन बी.ए. झालो आहे. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याचा उपयोग व्हावा असा प्रसंग तोपर्यंत आला नव्हता. मी विचार करून सांगितलं, "म्हणजे काकी, एका जागेवर न राहणारं."

"मग घर कुठं चाललाय?"

रंगवाल्याने डबा उचलला. "खाडीकडे," तो म्हणाला. "पावसाच्या आत सरळ करून घ्या, नाहीतर खाली करा. नाहीतर आम्हाला माणसं घेऊन यावं लागेल."

आमचं गाव जिते स्टेशनच्या पुढे, खाडीच्या बाजूला. सहा वर्षांपूर्वी उधाणाच्या पाण्याने बांध फोडला आणि खारं पाणी शेतात शिरून बसलं. खालची माती लोण्यासारखी झाली. पोपटने घर बांधताना खाली सिमेंटचा जाड स्लॅब घातला होता, म्हणून घराला एक तडा गेला नाही. अख्खं घर, भिंती-जमिनीसकट, हळूहळू खाडीच्या बाजूला बसत गेलं. यंदा बांध पुन्हा फुटला आणि ती बाजू वीतभर खाली गेली.

आतल्या माणसांना ते कळत नव्हतं. खाटेच्या दोन पायांखाली विटा होत्या, शेगडीखाली फळी होती. बाकी सगळं एकाच अंगाला झुकलेलं असलं की सरळच दिसतं. मीही त्या घरात कितीतरी वेळा चहा प्यालो आहे. कपातला चहा एका बाजूला जास्त असतो, हे मला त्या घराचं वळण वाटायचं.

'अस्थिर' हा शब्द आठवड्याभरात गावभर झाला. मोरूची म्हैस दूध देईना, ती अस्थिर. एस.टी. आली नाही, एस.टी. अस्थिर. मोबाईलला रेंज नाही, रेंज अस्थिर. सुरुवातीला मी दुरुस्त करायला जात असे. मग सोडून दिलं. कारण विचार केला तर त्यांचं काही फार चुकत नव्हतं.

पण ज्याच्या भिंतीवर तो शब्द लिहिला, त्या पोपटइतका एका जागी राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही.

पोपट अडतीस वर्षांचा. रोह्याला एका कंपनीत कामाला. मी रोह्याच्या एका क्लासमध्ये मराठी शिकवतो, त्यामुळे आम्ही एकाच गाडीने जातो. कंपनीत तो चौदा वर्षं एकाच व्हॉल्व्हजवळ, एकाच स्टुलावर बसतो. तरी कागदावर तो नवा आहे. कंत्राटी माणूस जुना होऊ नये म्हणून दर सात महिन्यांनी त्याला ब्रेक देतात. आठ-दहा दिवसांनी नव्या कंत्राटदाराकडून परत घेतात. परत घेतलं की नवीन कामगारांचं सुरक्षा शिक्षण त्याला घ्यावं लागतं. ते शिकवणारा पोरगा पोपटकडूनच शिकला आहे.

"मग तू तिथं काय करतोस?" मी एकदा विचारलं.

"टाळ्या वाजवतो. पोरगा चांगला बोलतो."

या चौदा वर्षांत चार मॅनेजर बदलले, कंपनीचं नाव दोनदा बदललं. पोपट स्टुलावर. मुली सांगून यायच्या, तेव्हा मुलीचा बाप एकच प्रश्न विचारायचा. "कायम हाय का?" पोपट खरं सांगायचा. बाप चहा पिऊन उठायचा.

म्हणून बायजाबाईने देवाला बसवून ठेवलं.

आमच्याकडे ज्यांच्या घरी चतुर्थीला सुतक असतं, त्यांचा गणपती पुढच्या साखरचौथीला येतो. बांध पहिल्यांदा फुटला त्या वर्षी पोपटच्या चुलत्याचं सुतक होतं. हमरापूरच्या कारखान्यातून मातीची मूर्ती आणली. दीड दिवसाचा गणपती. दुसऱ्या दिवशी पेणहून दिनानाथ भटजी उत्तरपूजेला आले. उत्तरपूजा झाली की भटजी अक्षता टाकून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. हलवली, की देव गेला. मग उरते ती माती. भटजींनी अक्षता हातात घेतल्या आणि बायजाबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"थांबा. ह्याला हात लावू नका. माझ्या पोपटाचं लगीन होईस्तवर हा हितनं हालायचा नाय."

भटजींनी समजावलं. मग रागावले. मग, जबाबदारी तुमची, असं म्हणून स्कूटरला किक मारून गेले.

दीड दिवसाचा पाहुणा सहा वर्षं राहिला. रोज आरती, रोज भात-वरण. मूर्तीचा रंग उडाला. खऱ्या उंदराने मातीच्या उंदराचा कान खाल्ला. देवाला कोणी बोट लावलं नाही. फुलंसुद्धा बायजाबाई लांबून ठेवायची. आणि महिन्याच्या संकष्टीला ती कौल लावायची. जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या अलगद मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. देवाची उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही.

सहा वर्षांत देवाने पोपटला एकाही गोष्टीला होय म्हटलं नाही.

मोटरसायकल घेऊ का? डावा. सईदबरोबर आखातात जाऊ का? डावा. सईद खोत हा पोपटचा शाळेपासूनचा दोस्त. तो एकटा गेला, आखातात तेलाच्या टाक्या जॅकवर उचलायचं काम शिकला, कमावून परत आला. पोपट स्टुलावर. कंपनी बदलू का? डावा. आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न. सगुणेशी लगीन लावू का? डावा, डावा, डावा.

सगुणा रोहा स्टेशनबाहेर वड्यांची गाडी लावते. बाप लवकर गेला. दोन भावांची लग्नं तिने लावून दिली. पोपट चार वर्षं रोज सकाळी तिच्याकडे एक वडा खातो. तो कायम नाही याचं तिला काही नव्हतं. "माझी गाडी तरी कुठं कायम हाय," ती म्हणायची. "नगरपालिकेची माणसं आली की मीबी पळते." बायजाबाईलाही सगुणा पसंत होती. दर संकष्टीला ती देवाला अक्षरशः पटवून द्यायची. एकदा तिने प्रश्नच उलटा केला. "पोपटानं सगुणेशी लगीन करू नये ना रं देवा?" डावी पडली. बायजाबाई आनंदाने पेणला धावली. दिनानाथ भटजी म्हणाले, उलटा प्रश्न धरत नाहीत.

शेवटी सगुणेने पोपटला सांगितलं, "ह्या वैशाखात काय ते कर. भाऊ म्हसळ्याचं स्थळ आणतोय. मी काय तुझ्या देवाच्या तोंडाकडे बघत म्हातारी व्हायची नाय."

पोपटने वडा खाल्ला नाही. कागदात बांधून घेतला. गाडीत तो वडा मांडीवर घेऊन बसला होता. नागोठणे गेलं, पेण गेलं. जित्याला उतरताना त्याने तो मला दिला.

त्याच आठवड्यात भिंतीवर शब्द आला.

सईद बघायला आला. त्याने स्लॅबखाली वाकून बघितलं, मातीत हात घातला. "तुकडा न् तुकडा साबूत हाय. पेणच्या गॅरेजमधून ट्रकचे जॅक आणतो. खाडीकडनं उचलायचा, खाली दगड-सिमेंट भरायचा. दोन दिवसाचा काम."

"घर उचलायचा?" बायजाबाईने विचारलं.

"व्हय, बायजाकाकी."

"देवासकट?"

"देवासकट. तुमच्यासकट पण उचलतो, बसून राहा."

"नाय. देव हालेल."

सईदने माझ्याकडे बघितलं. मी पोपटकडे. पोपट भिंतीकडे. हालला की देव गेला, आणि देव गेला की नवस मोडला. घर सोडून जायचं तर देव एकटा, उपाशी. न्यायचा तर हालला. ठेवायचा तर सरकारी माणसं येणार. लग्न झालं असतं तर उत्तरपूजा करून सगळं सुटलं असतं. पण लग्नाला देवच नाही म्हणत होता. हे सगळं एकमेकांत इतकं पक्कं बसलेलं होतं की मी मनातल्या मनात दोनदा सुरुवातीपासून मोजलं. कुठून सोडवावं ते कळेना.

रविवारी सगुणा स्वतः आली. बायजाबाईला भेटून शेवटचं काय ते विचारायला. तिने पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकलं आणि चौकट धरली.

"काय गो?"

"गरगरतंय." तिने डोळे मिटले, उघडले. मग समोर पाहिलं. "अगो बाय! देव कलंडलाय!"

"तूच कलंडलीस," बायजाबाई म्हणाली. "सरळ उभी ऱ्हा."

सगुणा देवासमोर बसली. पेलाभर पाणी ठेवलं. पाणी पेल्याच्या एका काठाला टेकलं होतं, दुसऱ्या काठापासून बोटभर खाली. ती बराच वेळ पेल्याकडे बघत राहिली. मग उठली आणि परसातून जास्वंद तोडून आणली. मला वाटलं, कौल लावते आहे. तिने दोन पाकळ्या ओल्या केल्या आणि पाण्याच्या हंड्याच्या दोन बाजूंना चिकटवल्या. देवाच्या डावीकडची, खाडीच्या बाजूची पडली.

"हंडापण नाय म्हणतो," सगुणा म्हणाली.

तिने गॅसच्या सिलिंडरला लावल्या. डावीकडची पडली.

"सिलिंडरपण."

पोपट दारात उभा होता. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना, आणि नजरही हटवता येईना. मोटरसायकल, आखात, दुसरी कंपनी, सगुणा. सहा वर्षं तो देवाचं ऐकत होता. ऐकत होता ते उताराचं.

मग तो सावकाश म्हणाला, "म्हंजे तो मला नाय बोलतच नव्हता?"

"तो काय बोलत असंल ते असंल," सगुणा म्हणाली. "पाकळी घसरत होती." मग ती बायजाबाईकडे वळली. "आई, देव बसवला तेव्हा सरळ होता ना?"

"सरळच होता. मी बसवला."

"मग आता तिरका झालाय म्हंजे हाललाय."

हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. हालला, तर देव गेला. गेला, तर सहा वर्षं भात-वरण कोणाला वाढलं? बायजाबाईसमोर आता दोनच गोष्टी होत्या. देव इथे आहे आणि त्याने सगुणेला नाही म्हटलंय. किंवा नाही कोणी म्हटलंच नाही, कारण तिथे कोणी नव्हतं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

सोमवारी पोपट दिनानाथ भटजींना घेऊन आला. भटजींनी पेला पाहिला, हंडा पाहिला. बराच वेळ उपरण्याला गाठ मारत आणि सोडत बसले.

"देव हालला की नाही हे ठरवायचं तर न हालणारी एक वस्तू पाहिजे. तिच्यापासून मापायचं."

"विजेचा खांब," मी म्हणालो.

सगळे बाहेर येऊन खांबाकडे बघू लागले. खांब घरापेक्षा जास्त झुकला होता.

"देवळाचं जोतं?" पोपट म्हणाला.

"गेल्या उधाणात खचला ते," सईद म्हणाला.

"मग हद्दीचा दगड. सरकारी आहे, ब्रिटिशांनी रोवलेला," भटजी म्हणाले.

मोरू बघायला आला होता. तो पायाने माती उकरू लागला. बायजाबाई आतूनच ओरडली, "तो तर मोरूच्या बापानं रात्रीत चार हात सरकवलाय!"

"चार नाय, दोन," मोरू म्हणाला.

आम्ही आणखी थोडं शोधलं. मी अख्ख्या गावावरून नजर फिरवली. बांध, मिठागरं, झुकलेली ताडं. न हालणारं असं एकही ठिकाण मला दाखवता आलं नाही. मी सांगितलेला अर्थ मला आठवला. एका जागेवर न राहणारं. जागा कोणती, ते मी कुठे सांगितलं होतं?

भटजी म्हणाले, "मग मला काही सांगता यायचं नाही." आणि त्यांनी चहा मागितला. चहा द्यायला बायजाबाई उठली. कप ठेवून ती देवाकडे वळली.

"मी सहा वर्सं ह्याला जेवाय वाढतेय. पान रिकाम्या पाटाला वाढतेय का देवाला, ते मला कळला नसता?" ती कोणालाच उद्देशून बोलत नव्हती. "हा हाय हितंच. आमी घसरलो तवा आमच्यासंगं घसरला. सोडून नाय गेला. आता आमी वर जातो तर हाबी वर यील. सईद, उचल."

सईद उठलाच होता.

"पण कौल मी लावणार. घर सरळ झाला की काय पडंल ते पडंल. डावी पडली तर सगुणे, तू म्हसळ्याला जा. मी तुला अडवायची नाय."

सगुणा म्हणाली, "बरं."

शनिवारी सईदने जॅक लावले. आठ जॅक, खाडीच्या बाजूला एका ओळीत. पोपटने रजा मागितली नाही. त्याचा ब्रेक चालू होता. एका जॅकवर तो स्वतः होता. बायजाबाई घराबाहेर यायला तयार नव्हती. ती आत देवासमोर बसली, शेजारी सगुणा. पाकळ्या लावल्या. दिनानाथ भटजी दारात. मी खिडकीत उभा होतो. आत काय होतंय ते बाहेर ओरडून सांगायचं काम माझ्याकडे होतं.

"हौले," सईद म्हणाला. "सगळे संगं. एक आटा फिरवा."

घर कण्हलं. पत्र्यावरून एक मांजर उडी मारून गेलं. खाटेखालच्या विटा, ज्या इतकी वर्षं तिला सरळ ठेवत होत्या, त्यांनी ती आता तिरकी केली. शेगडीखालची फळीही तशीच.

"काय झाला?" पोपट खालून ओरडला.

"पाकळ्या आहेत," मी ओरडलो.

"आणखी एक आटा."

पेल्यातलं पाणी सरकलं. सगुणा पेल्याकडे बघत होती, बायजाबाई पाकळ्यांकडे. दुपारी केव्हातरी पाणी दोन्ही काठांना सारखं झालं. सईदने लेव्हलची नळी ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला.

"झाला," सईद म्हणाला. "कोणी हात लावू नका."

आम्ही थांबलो. पाकळ्याही थांबल्या. दोन्ही, दोन खांद्यांवर, जिथल्या तिथे. बायजाबाईने विचारलं, "देवा, सगुणा सून करू का?" काही पडलं नाही. तिने पुन्हा विचारलं. भटजींनी घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं. बाहेर चहा झाला. उन्हाची तिरीप देवाच्या सोंडेवरून पोटावर आली. पाकळ्या सुकू लागल्या आणि सुकता सुकता मातीला जास्तच चिकटल्या.

सईद खिडकीखाली पोपटजवळ गेला. हळू बोलला, पण मला ऐकू आलं, आणि मला ऐकू आलं म्हणजे आतही गेलं असणार.

"पोपट, खाडीकडनं अजून अर्धा आटा वर घेऊ? घर जरासा उजवीकडे जाईल. कोणाला समजायचा नाय. पाकळी पडेल आणि तुझा काम होईल."

पोपटच्या हातात जॅकची दांडी होती. चौदा वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला हात. अर्धा आटा त्याला काहीच नव्हता. चार वर्षं तो ज्या होयची वाट बघत होता, ते होय त्या दांडीत होतं. त्याने दांडी काढून जमिनीवर ठेवली.

"नको. मग तो तुझा कौल व्हईल."

"अरे, मग बस इथं आयुष्यभर!"

"बसतो."

आत बायजाबाईने पदराने तोंड पुसलं. देवाकडे बघितलं, मग खिडकीकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. सपाट जमिनीवर तिचा तोल गेला. सगुणेने तिला धरलं.

"घसरत होता तवा बोलत होता," बायजाबाई म्हणाली. "आता नीट बसला तर गप्प झाला. म्हणतोय, मला कशाला इचारता, तुमचं तुम्ही बघा." तिने सगुणेचा हात सोडला नाही. "पोपट, आत ये. हात धुऊन ये."

लग्न वैशाखातच झालं. पत्रिकेत पत्ता सगुणेने सांगून छापून घेतला. 'अस्थिर घर, बांधाजवळ.' तालुक्याचा माणूस पुन्हा येऊन लेव्हल लावून गेला होता. घर गावातलं सगळ्यात सरळ निघालं. पण शब्द पुसायचा हुकूम त्याच्याकडे नव्हता. नवे लोक घर विचारत आले की गाव त्या शब्दाकडे बोट दाखवतं.

लग्नाचा फोटो माझ्याकडे आहे. सगुणेकडची माणसं सरळ उभी आहेत. पोपट आणि बायजाबाई किंचित डावीकडे झुकलेले आहेत. फोटोग्राफरने दोनदा सांगितलं होतं. दोघांनाही आपण सरळ उभे आहोत असंच वाटत होतं.

सोळाव्या दिवशी दिनानाथ भटजींनी उत्तरपूजा केली. अक्षता टाकल्या आणि मूर्तीला हात लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मूर्ती पाटाला चिकटली होती. भटजींनी जोर केला, घाबरून सोडलं, आणि बायजाबाईकडे बघितलं. बायजाबाई पुढे झाली. देवाच्या पाठीला एक हात आणि पोटाला एक हात लावून, तापातल्या पोराला उठवावं तसं तिने त्याला किंचित हलवलं. "चल," ती म्हणाली. "लय दिस झाले."

खाडीवर भरती होती. पोपट कमरेपर्यंत पाण्यात गेला. मी काठावरून बघत होतो. मूर्ती खाली जाताना खांद्यांवर दोन काळे ठिपके दिसले. पाकळ्या तशाच होत्या. मग पाण्याने दोन्ही एकदम सोडवल्या, आणि त्या वेगवेगळ्या दिशांना गेल्या.

"कुठली आधी सुटली गो?" बायजाबाईने सगुणेला विचारलं.

"मी बघितलं नाय," सगुणा म्हणाली.

तिने बघितलं होतं. मी तिच्या शेजारीच उभा होतो.